चित्र, चाल आणि बोली : १९७५ ते १९८० या काळातील लोकप्रिय माध्यमांतील मराठी

कोणते लेखन वाङ्मय म्हणून अभ्यासावे आणि कोणते बाजूस ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक भाषेच्या वाङ्मयेतिहासकारापुढे उभा राहतो. मराठीत अभंग आणि लावणी हे दोन्ही प्रकार मूलतः गाण्यासाठी आणि ऐकण्यासाठी रचले गेले. त्यांपैकी अभंगाला आरंभापासून मान मिळाला. लावणीला मात्र विद्यापीठीय अभ्यासक्रमात शिरण्यासाठी फार काळ तिष्ठावे लागले. चित्रपटगीत, चित्रकथा आणि चित्रपटातील संवाद या आधुनिक काळातील शब्दप्रकारांची अवस्था अद्यापि लावणीच्या त्या पूर्वावस्थेसारखीच आहे. त्यांच्याविषयी लिहिले जाते ते बहुधा करमणुकीच्या अथवा समाजशास्त्राच्या अंगाने. भाषेच्या अंगाने त्यांचा विचार क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात १९७५ ते १९८० या अल्प कालखंडातील मराठीपुरताच विचार केला आहे. या काळात चित्रकथा, लोकनाट्याच्या परंपरेतील चित्रपट आणि साहित्यकृतींवर आधारलेले चित्रपट हे तिन्ही प्रवाह एकाच वेळी जोमाने वाहत होते. त्यांतील मराठी एकसारखी नाही. ती तशी का नाही याचे कारण लेखकांच्या रुचीत जेवढे सापडते, तेवढेच ते निर्मितीच्या यंत्रणेतही सापडते, हे दाखविणे हा या लेखाचा उद्देश होय.

१. चित्र एक, भाषा अनेक

एकाच चित्राखाली निरनिराळ्या भारतीय भाषांतील मजकूर छापण्याची प्रथा आपल्याकडे नवी नव्हती. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेले ‘चंदामामा’ हे मासिक पुढे ‘चांदोबा’ या नावाने मराठीत आले, तेही याच पद्धतीने. १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने सुरू केलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ने आणि १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली निघू लागलेल्या ‘अमर चित्र कथा’ या मालेने ही प्रथा व्यापक प्रमाणावर राबविली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात या दोन्ही माला मराठी मुलांच्या हाती नियमाने पडत होत्या.

या पद्धतीत अनुवादकाचे स्वातंत्र्य चित्राने बांधलेले असते. संवादाचा फुगा मूळ इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेला असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार येत असल्यामुळे दोन ओळींत अधिक अंतर ठेवावे लागते. म्हणजे तेवढ्याच जागेत ओळी कमी बसतात. परिणामी वाक्य आखूड होते, क्रियापदाची लांब रूपे टाळली जातात आणि विशेषणांना कात्री लागते.

व्याकरणाची अडचण याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीतील मध्यमपुरुषी सर्वनाम एकच. मराठीत मात्र ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड केल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. चाच्याने नायकाला कसे संबोधावे, नायिकेने त्याला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे मूळ लेखकाने न ठरविलेले नाते अनुवादकाला ठरवावे लागते. तसेच ‘मी जातो’ अथवा ‘मी जाते’ असे म्हणताच बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. बुरख्याआडच्या व्यक्तीचे रहस्य इंग्रजीत शेवटच्या पानापर्यंत टिकू शकते; मराठीत वा हिंदीत ते वर्तमानकाळाच्या एका क्रियापदानेही फुटू शकते. बंगाली क्रियापदाला लिंगभेद नसल्यामुळे तेथील अनुवादकाला ही चिंता नाही. एकाच चित्रकथेच्या विविध भाषांतील आवृत्ती समोर ठेवल्या, तर भारतीय भाषांच्या तुलनात्मक व्याकरणाचा एक चांगला पाठ त्यांतून मिळू शकेल.

नामकरणाचा मुद्दाही असाच उद्बोधक आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला फॅण्टम हिंदीत ‘वेताल’ आणि मराठीत ‘वेताळ’ झाला; बंगालीत तो ‘अरण्यदेव’ म्हणून ओळखला गेला. बंगाली नावाने त्याच्या राहण्याचे ठिकाण आणि त्याचे देवपण पुढे आणले. मराठी नावाने मूळ शब्दातील पिशाच्चाचा अर्थ राखला, आणि त्याबरोबर आणखी पुष्कळ काही आणले. मराठी वाचकाला वेताळ हा ‘वेताळपंचविशी’तून ठाऊक होता, कोकणात आणि गोव्यात तर वेताळ अथवा बेताळ हा गावाचे रक्षण करणारा देव आहे. परदेशी चित्रमालेतील मुखवटाधारी रक्षक या नावामुळे ग्रामरक्षक देवाच्या शेजारी येऊन बसला. मूळ कथेत भारतीय वाचकाला खटकतील अशी बंगालसदृश आणि शीखसदृश नावे होती, तीही इंद्रजालच्या आवृत्तीत बदलण्यात आली. देशाचे नाव ‘डेंकाली’ झाले ते यामुळेच.

१९७६ मध्ये इंद्रजालने ‘बहादूर’ हा भारतीय नायक आणला. त्याची कल्पना आबिद सुरती यांची व आरंभीची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. कथेची भूमी आता दरोडेखोरांची आणि खेड्यांची झाली. परंतु भूमी बदलली तरी भाषा बदलली नाही. वेताळ, बहादूर, पोलीस अधिकारी आणि खेडूत या सर्वांची मराठी बव्हंशी एकच प्रमाण मराठी राहिली. ‘अमर चित्र कथे’त तर हा प्रकार अधिक ठळकपणे जाणवतो. या मालेची संहिता सामान्यतः इंग्रजीत सिद्ध होई व तीवरून अन्य भाषांतील आवृत्ती निघत. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून ज्या तानाजीची कथा मराठी समाजाने शतकानुशतके ऐकली, तोच तानाजी या पद्धतीत इंग्रजी संहितेच्या वाटेने परत येतो, आणि त्या वाटेवर त्याच्या भाषेतील मावळी खडे गळून पडतात. याचा दोष अनुवादकांकडे जात नाही. अनेक भाषांत एकाच वेळी पोचावयाचे असेल, तर कोणत्याही एका भाषेतील अंतर्गत भेदांना जागा उरत नाही.

२. बतावणीची भाषा पडद्यावर

याच वर्षांत याच्या अगदी विरुद्ध टोकाला दादा कोंडके यांचे चित्रपट उभे होते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून नावारूपाला आलेले कोंडके १९७१ मधील ‘सोंगाड्या’नंतर चित्रपटनिर्माते म्हणून स्थिरावले. ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘तुमचं आमचं जमलं’ (१९७६) आणि ‘राम राम गंगाराम’ (१९७७) हे चित्रपट प्रस्तुत कालखंडातील आहेत.

या चित्रपटांच्या द्व्यर्थी संवादांविषयी नीतीच्या दृष्टीने पुष्कळ बोलले गेले. भाषिक दृष्टीने पाहता त्यांचे मूळ तमाशातील बतावणीत आहे. गण आणि गौळण यांनंतर येणारा हा गद्य विनोदाचा भाग हजरजबाबीपणावर चालतो. बोलणारा निष्पाप चेहऱ्याने एक सरळ वाक्य उच्चारतो आणि दुसरा अर्थ प्रेक्षक स्वतः पुरवितो. म्हणजे अर्थनिष्पत्तीचा निम्मा भार श्रोत्यावर असतो. बोलणारा व ऐकणारा यांची बोली एक असल्याखेरीज हा व्यवहार घडत नाही. मुंबईच्या गिरणगावात घाट आणि कोकण या दोन्ही भागांतून आलेला कामकरी वर्ग होता. कोंडके स्वतः त्याच वस्तीत वाढले. त्यांची चित्रपटीय बोली कोणत्याही एका तालुक्याची नाही. अनेक गावांच्या लोकांनी एका चाळीत राहून जी सामाईक ग्रामीण मराठी सिद्ध केली, तिच्याशी तिचे नाते अधिक जवळचे आहे.

या बोलीच्या सीमाही याच काळानंतर स्पष्ट झाल्या. ऐंशीच्या दशकात कोंडके यांनी ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४) आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) हे हिंदी चित्रपट केले. द्व्यर्थता शीर्षकापर्यंत पोचली. परंतु तिला आधार देणारी बतावणीची परंपरा आणि बोलीचे सूर हिंदी प्रेक्षकाजवळ नव्हते. संगीताच्या बाबतीत मात्र उलट दिशेची वाट दिसते. मूळचे पंजाबी असलेले महेंद्र कपूर यांचा आवाज कोंडके यांच्या मराठी गाण्यांना मिळाला आणि ‘पांडू हवालदार’पासून पुढे आलेले रामलक्ष्मण हे नाव नंतर हिंदी चित्रपटसंगीतात रुजले. चाल प्रांत ओलांडते तितक्या सहजतेने बोली ओलांडत नाही, हे यावरून दिसते.

३. घडविलेली बोली : ‘जैत रे जैत’

गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’ हा जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपट १९७७ मधील. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या परिसरातील ठाकर या आदिवासी जमातीची ही कथा आहे. ढोल वाजविणारा नाग्या पुण्यवंत होऊन राणीमाशीचे दर्शन घेऊ इच्छितो. मधमाशीच्या दंशाने त्याचा डोळा जातो. तो सूडाची प्रतिज्ञा करतो. अखेरीस डोंगरावरील पोळी पाडून तो जिंकतो, परंतु त्याच्यावर प्रेम करणारी चिंधी माशांच्या दंशाने मरते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या या चित्रपटात कथेचा मोठा भाग गीतांतून सांगितला जातो. गीते ना. धों. महानोर यांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे.

येथे गीताचे कार्य नेहमीच्या चित्रपटगीताहून भिन्न आहे. समूहगान हे निवेदकाचे काम करते. ऋतू, श्रद्धा आणि वस्तीचा स्वभाव ते सांगते. त्यामुळे गीतातील शब्द काढून घेतला तर कथेचा सांधाच निखळतो. अशा रचनेला चित्रपटाच्या बाहेर ‘सुगम संगीत’ म्हणून ऐकणे शक्य आहे, परंतु तिचे वाङ्मयीन मूल्य मापताना तिचे कथेतील स्थान विसरून चालणार नाही.

तथापि या गीतांतील भाषेला ठाकरी बोलीचा पुरावा मानणे धोक्याचे ठरेल. महानोर हे अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या संग्रहापासून त्यांच्या कवितेला जो शब्द लाभला तो त्या मुलखातील शेतीचा आणि रानाचा होता. सह्याद्रीच्या पश्चिम अंगावरील ठाकरांच्या तोंडी कवीने जी भाषा घातली, तिच्यात त्याच्या स्वतःच्या मुलखाचा सूर मिसळणे अपरिहार्य होते. शिवाय तालाच्या मात्रांत बसण्यासाठी शब्दांची निवड झाली, आणि ती महाराष्ट्रभरच्या श्रोत्याला कळावी हेही पाहावे लागले. म्हणजे ही घडविलेली काव्यबोली आहे. तिचे यश एवढे मोठे की पुष्कळांच्या मनात आदिवासी मराठीची कल्पना याच गीतांवरून तयार झाली. ज्यांची म्हणून ही भाषा ओळखली गेली, त्या ठाकरांनी ती रचलेली नव्हती, ही गोष्ट काव्याचे सौंदर्य मान्य करूनही नोंदविली पाहिजे.

४. सत्तेची मराठी : ‘सिंहासन’

आणीबाणी (जून १९७५ ते मार्च १९७७) संपल्यानंतर दोन वर्षांनी, १९७९ मध्ये, पटेल यांचाच ‘सिंहासन’ हा चित्रपट आला. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकर यांनी त्याची पटकथा सिद्ध केली. मुख्यमंत्री, त्यांच्या पदावर डोळा ठेवणारे अर्थमंत्री, कामगारपुढारी आणि हे सर्व पाहणारा पत्रकार दिगू यांच्याभोवती कथा फिरते.

या चित्रपटात प्रमाण मराठी हीच नाट्याची वस्तू बनते. दूरध्वनीवरील सौजन्य, सभेतील भाषण, सचिवाशी होणारे बोलणे आणि बंद दाराआडचा सौदा यांत तीच माणसे निरनिराळी मराठी बोलतात. ‘आपण’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवड येथे सत्तेचे माप दाखविते. चित्रकथेच्या अनुवादकाला जी निवड नाइलाजाने करावी लागे, तीच येथे पटकथाकाराचे साधन झाली आहे. भाषेवर जगणाऱ्या पत्रकाराचा अखेरीस मानसिक तोल जातो, याचा अर्थ या संदर्भात अधिक खोल लागतो. सुरेश भट यांची ‘उषःकाल होता होता’ ही रचना या चित्रपटामुळे घरोघर पोचली आणि पुढे मोर्चांत व सभांत गायिली गेली. चित्रपटातून निघून ती सार्वजनिक जीवनात गेली. पोवाडा आणि अभंग यांचाही प्रवास असाच झाला आहे.

५. निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून तीन गोष्टी हाती येतात. अनेक भाषांसाठी एकाच वेळी निघणाऱ्या चित्रकथेत प्रमाण मराठी टिकली. ती तेथे यंत्रणेची गरज होती. केवळ मराठी प्रेक्षकासाठी निघालेल्या चित्रपटांत बोलीला वाव मिळाला. परंतु ती बोली कोंडक्यांच्या बाबतीत गिरणगावाने आणि महानोरांच्या बाबतीत कवीने घडविलेली होती. तिसरे असे की, प्रमाण भाषेच्याही अंतर्गत पायऱ्या असतात आणि ‘सिंहासन’सारखी कृती त्या ऐकू आणते.

यातून अभ्यासाची एक दिशा सूचित होते. लोकप्रिय माध्यमातील मराठीला पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी ती कोणी, कोणाच्या तोंडी, कोणत्या मापात आणि कोणत्या बाजारासाठी घातली, हे विचारले पाहिजे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. चित्रकथांचे अंक वाचून रद्दीत जाण्यासाठीच जणू जन्मलेले असतात. ग्रंथालयांनी त्यांची नोंद पुस्तक म्हणून क्वचितच घेतली. अनेकदा अनुवादकाचे नाव अंकावर नसे, त्यामुळे ज्यांनी एका पिढीला वाचनाची गोडी लावली ते मराठी लेखक अनामच राहिले. लावणीच्या हस्तलिखितांचा शोध संशोधकांनी फार उशिरा सुरू केला आणि तोवर पुष्कळ सामग्री नष्ट झाली होती. त्या अनुभवाची पुनरावृत्ती टाळावयाची असेल, तर या कागदांचा, ध्वनिमुद्रिकांचा आणि पटकथांचा संग्रह भाषाविभागांनीच हाती घेणे इष्ट होय.