खाचांची चकती आणि ब्रेकची मर्यादा

जबलपूर येथील व्हेईकल फॅक्टरी 1969 साली स्थापन झाली. तेथे तयार होणाऱ्या शक्तिमान ट्रकना ड्रम ब्रेक असत. त्यांत फिरत्या ड्रमच्या आतील बाजूस अस्तर लावलेले ‘शू’ दाबले जातात. मात्र घर्षणाची उष्णता ड्रममध्ये कोंडून राहते. आजच्या मोटारींच्या पुढील चाकांना बहुधा उघड्यावर फिरणारी बिडाची चकती असते व दोन पॅड तिला चिमटीत धरतात. याच चकतीवर तिरप्या खाचा पाडून ब्रेक अधिक समर्थ करता येतात, असे मानले जाते. ते कितपत खरे आहे?

ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो. 1,200 किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी 72 किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा 240 किलोज्यूल असते. वेग दुप्पट झाल्यास ती चौपट होते. पॅड अतिशय तापला की त्यातील राळ विघटित होऊन वायू सुटतो आणि पॅड व चकती यांच्यामध्ये त्याचा पातळ थर साचतो. खाचांमुळे या वायूला, तसेच पाण्याला व भुकटीला, वाट मिळते. मात्र पॅड लवकर झिजतात व आवाजही वाढतो.

आता घाटाचा विचार करू. जबलपूरहून नागपूरकडे येताना सिवनीच्या पुढे कुरई घाट लागतो. वरील मोटार कोणत्याही घाटात 200 मीटर खाली उतरली, तर सुमारे 2,350 किलोज्यूल, म्हणजे वरच्या उदाहरणाच्या जवळजवळ दहापट ऊर्जा मुक्त होते. पाय सतत ब्रेकवर राहिल्यास ही उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोहोचते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ते उकळले की बुडबुडे दाबले जातात, पण दाब पुढे जात नाही. पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही.

येथे खाचा निरुपयोगी ठरतात. त्या चकतीची उष्णता साठविण्याची शक्ती वाढवीत नाहीत. उलट थोडे धातूच कमी करतात. चाक जखडण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्ये असेल, तर थांबण्याचे अंतर टायरच्या पकडीवरच अवलंबून राहते. म्हणून तेल वेळेवर बदलणे, योग्य पॅड वापरणे आणि उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे, ही खरी सुरक्षितता होय. खाचांच्या चकतीचा विचार त्यानंतर करावा.