नव्या लॅपटॉपचा आवाज गेला कुठे?

प्रश्न : मुलीच्या अभ्यासासाठी महिन्यापूर्वी नवा लॅपटॉप घेतला. हेडफोन लावला की आवाज येतो, काढला की लॅपटॉप मुका. दुकान नाशिकला आहे, तिथवर न्यावाच लागेल का? – एक पालक, वणी (ता. दिंडोरी)

उत्तर : लगेच नेऊ नका. हेडफोनमध्ये आवाज येतो, म्हणजे ध्वनीची चिप आणि ड्रायव्हर बहुधा ठीक आहेत. अडचण वाटेत कुठेतरी आहे. विंडोज ११ असेल तर विंडोजची कळ, कंट्रोल आणि व्ही एकदम दाबा. आवाज कुठून निघावा, याची यादी उघडेल. घरातला ब्लूटूथ स्पीकर किंवा एचडीएमआयने जोडलेला टीव्ही निवडलेला असेल, तर आवाज तिकडे जातो. लॅपटॉपचा स्पीकर निवडा.

हेडफोन काढल्यावरही यादीत 'हेडफोन्स'च दिसत असेल, तर नीट लक्ष द्या. हेडफोन लावायच्या भोकात पिन आत गेल्याचं ओळखणारी बारीक पट्टी असते. ती अडकली किंवा धूळ बसली, की लॅपटॉपला हेडफोन लावलेलाच वाटतो. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. सुई, टाचणी मात्र अजिबात घालू नका, पट्टी वाकते.

तरीही आवाज नसेल, तर लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट करा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ध्वनी-ड्रायव्हर घ्या, इतर कुठून नको. एवढ्यानंतरही शांतताच असेल, तर बिल घेऊन नाशिक गाठा. वॉरंटीत असताना गावात स्क्रू उघडून घेऊ नका.