इंग्रजीतील अनियमित भूतकाळी रूपे : एक पाठसूचना

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. 'वॉक'चे 'वॉक्ड' होते, हे उमगलेला विद्यार्थी 'गो'चे 'गोएड' करतो. ही आळसाची चूक नव्हे. नियम समजल्याची ती खूण होय. मराठीतही 'बस'चे 'बसला' ऐकून लहान मूल 'कर'चे 'करला' करते आणि 'केला' हे रूप वारंवार कानी पडून आपोआप सुधारते.

'जा' व 'गेला' ही रूपे 'या' व 'गम्' या भिन्न संस्कृत धातूंपासून आली. तद्वतच 'वेंट' हे मुळात 'वेंड' या निराळ्या क्रियापदाचे रूप; ते 'गो'ला जोडले गेले. ही तुलना वरच्या वर्गांत अवश्य सांगावी.

(१) रूपे गटवार द्यावीत : 'सिंग–सँग', 'रिंग–रँग', 'पुट', 'कट' ही न बदलणारी.

(२) आठवड्यास पाचच रूपे घ्यावीत व ती वाक्यांतून रुजवावीत : 'काल मी खोपोलीस गेलो' – 'आय वेंट टु खोपोली यस्टर्डे'.

(३) चूक होताच रागावू नये. शुद्ध वाक्य आपण म्हणावे व मुलाकडून म्हणवून घ्यावे. रूप चुकले तर उद्या सुधारेल. परंतु भ्यालेले मूल बोलावयाचेच थांबते.