धम्मपाठ : मान आणि स्वाभिमान



रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या पुष्कळशा वस्त्यांचा कारभार गावशाखा व मुंबई शाखा मिळून पाहतात. विहाराचा चिरा मुंबईकरांच्या वर्गणीतून येतो, तो रचण्याचे श्रम गावकरी करतात. असे असूनही कित्येकदा काम अडते. कारण पैसा नसतो असे नाही. पाटीवर पहिले नाव कोणाचे आणि जयंतीला पहिला हार कोणी घालायचा, यावरून ते अडते.

या वृत्तीला धम्मात 'मान' म्हणतात. दहा संयोजनांत त्याची गणना आहे. अर्हत्पद प्राप्त होईपर्यंत तो पुरता सुटत नाही. त्याचे तीन प्रकार आहेत : मी इतरांहून श्रेष्ठ, मी इतरांच्या बरोबरीचा, मी इतरांहून हीन. तिन्हींत मन सारखे 'मी'चेच माप घेत असते.

येथे कोणी विचारील, समतेसाठी आपण धम्म स्वीकारला, मग बरोबरीची भावना हा दोष कसा? माणूस म्हणून सर्व समान, असे मानणे हा स्वाभिमान होय. 'त्याने हजार दिले, मग मी का मागे राहू?' हा मान होय. स्वाभिमानी माणूस स्वतःच्या पायावर उभा राहतो. मानी माणसाला उंच दिसण्यासाठी दुसरा खाली लागतो. मुलांनी शिक्षणात चढाओढ जरूर करावी. पण सोबत्याच्या अपयशाचा आनंद मानू नये.

कोसंबी येथे भांड्यात उरलेल्या थोड्या पाण्यावरून भिक्खूंत वाद झाला व संघात फूट पडली. भगवंतांनी समजावूनही ते ऐकेनात, तेव्हा भगवंत एकटेच पारिलेय्यक वनात गेले. मग उपासक-उपासिकांनी त्या भिक्खूंना वंदन व भिक्षा देणे थांबविले. तेव्हा कोठे भिक्खू भानावर आले, श्रावस्तीस गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. भांडण मिटविण्याचे बळ सामान्य घरांतून आले, हे लक्षात घ्यावे.

बाबासाहेबांनीही १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या भाषणात, गांधी व जिना यांचा अहंभाव तडजोडीच्या आड येतो, असे परखडपणे सांगितले आणि विभूतिपूजेवर कठोर टीका केली. नेत्याचा मान अनुयायांच्या हारांवरच पोसला जातो.

आजचे मानसशास्त्रही हेच सांगते. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहभागी लोकांना लाकूड कंपन्या बनून एकाच सामाईक जंगलातून तोड करायची होती. आत्मप्रौढ माणसांनी प्रारंभी अधिक लाकूड मिळविले; पण ज्या गटांत अशी माणसे जास्त, त्यांचे जंगल लवकर संपले. आपला विहार, आपली वर्गणी, आपली एकी हेच आपले सामाईक जंगल आहे.

म्हणून हिशेब सर्वांसमोर वाचावा, पदे आळीपाळीने द्यावीत, आणि श्रम देणाऱ्याचे नाव पैसे देणाऱ्याच्या बरोबरीने घ्यावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१) मान व स्वाभिमान यांत फरक कोणता?
२) कोसंबीच्या उपासकांनी काय केले?
३) या महिन्यात माझ्या 'मी'मुळे कोणते सामाईक काम अडले?

जयभीम!