कुंडीतला माड

मुलांनो, मागच्या महिन्यात वर्गात नारळ फोडला तेव्हा एकाने विचारले, "हा पेरला तर घरात माड येईल का?" आमच्या घरी हा प्रयोग दोनदा झाला आहे, म्हणून उत्तर लिहायचे काम आमच्याकडे आले.

पहिल्यांदा आम्ही देशी दुकानातला पूजेचा, शेंडीचा नारळ पेरला. चार महिने पाणी घातले, वर आली ती बुरशी! असा नारळ सोललेला असतो. सोडण, म्हणजे बाहेरची काथ्याची जाड साल, काढली की आतला ओलावा टिकत नाही आणि नारळ सहसा रुजत नाही. रुजवायला सोडणासकट, झाडावर पूर्ण पिकलेला, हलवला की पाणी वाजणारा नारळ लागतो. शहाळे चालत नाही. नारळ आडवा ठेवून अर्धा मातीत पुरायचा. 80 ते 85 अंश फॅरनहाइट ऊब मिळाली तर तीन ते सहा महिन्यांत कोंब दिसतो. एवढा धीर आमच्याकडे उरला नव्हता. दुसऱ्या वेळी आम्ही फ्लोरिडातल्या नर्सरीतून कोंब आलेला नारळच आणला.

आता आत काय चालते ते पाहा. करवंटीला तीन डोळे असतात. त्यांतला एक मऊ असतो, कोंब तिथूनच निघतो. आत पाण्याच्या जागी पांढरा, स्पंजासारखा गोळा वाढतो. तो खोबऱ्यातले अन्न शोषून रोपाला पुरवतो. (कोकणात हा गोडसर गोळा मुले आवडीने खातात. तुमच्या आईबाबांना विचारा.) ही रोपाची शिदोरी वर्षभर, कधी त्याहून जास्त पुरते. म्हणूनच पहिल्या वर्षी आमचे रोप दिवाणखान्याच्या कोपऱ्यातही झकास वाढले, आणि आम्हाला वाटले, आपल्याला जमले! शिदोरी संपत आली तशी पाने फिकट पडू लागली. मग कुंडी दक्षिणेच्या खिडकीत गेली.

हिवाळ्यात दुसरा शत्रू म्हणजे हीटरची कोरडी हवा. पानांची टोके तपकिरी होतात, खालच्या बाजूला बारीक कोळी लागतात. ओल्या फडक्याने पाने पुसावीत. कुंडीला भोक हवेच, आणि वरची माती सुकल्यावरच कोमट पाणी द्यावे. सुरुवातीची पाने अखंड, घड्या घातलेल्या पंख्यासारखी असतात. ती चिरून खरी झावळी व्हायला बराच काळ लागतो, तेव्हा घाबरू नका.

आमचा माड मात्र पानांमुळे गेला नाही. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका रात्री तो अंगणात राहिला आणि दव गोठले. आठवड्याभरात मधले न उलगडलेले पान ओढताच हातात आले, बुडाशी कुजलेले. मुलीने विचारले, "गुलाबासारखी बाजूने फांदी नाही का फुटणार?" नाही. माडाला वाढीचा एकच शेंडा असतो. तो मेला की झाड गेले. कोकणातले बागायतदार गेंडा भुंग्याला भितात ते यासाठीच, तो नेमका शेंड्यातला कोवळा कोंब पोखरतो.

कुंडीतल्या माडाला इथे नारळ धरणार नाहीत, हेही आधीच सांगतो. तरी वसंतात वर्गासाठी एक आणायचा विचार आहे. थंडी पडण्याआधी तो आत कोणी घ्यायचा, त्याच्या पाळ्या मात्र आताच लावून ठेवू.