परीक्षार्थी विद्यार्थी, मेध्य औषधे आणि न विचारलेले प्रश्न

लातूर व नांदेड येथील व्यवसायबंधूंना जानेवारी ते मे हा काळ 'बुद्धीच्या औषधांचा' हंगाम म्हणून परिचित आहे. बारावी, जेईई, सीईटी आणि नीट या परीक्षा एकामागोमाग येतात. लातूरचा ट्यूशन एरिया, नांदेडचे भाग्यनगर-श्यामनगर येथील खोल्या, मेस व अभ्यासिका भरलेल्या असतात आणि आपल्या दवाखान्यात तसेच औषधी दुकानात एकच वाक्य वारंवार ऐकू येते : "वाचलेलं लक्षात राहत नाही, काहीतरी चांगलं द्या." आपण देतोही. सारस्वतारिष्ट, ब्राह्मी वटी, शंखपुष्पी सिरप यांची या काळातील विक्री कोणाही औषधी विक्रेत्यास तोंडपाठ असते. प्रस्तुत लेखाचा विषय ही औषधे चांगली की वाईट, हा नाही. ती देण्यापूर्वी आपण जे विचारत नाही, त्याविषयी हे लिहीत आहोत.

दोन हंगामांपूर्वीचा एक प्रसंग प्रथम सांगतो. रुग्ण मुलगा, वय १७, रिपीटर, खेड्यातून येऊन खोली करून राहणारा. सोबत वडील. तक्रारी अशा : स्मरण राहत नाही, डोळ्यांची आग, केस गळणे, मलावष्टंभ. नाडी, जिव्हा, कोष्ठ पाहिले. वातपित्तप्रकोप, रात्रिजागरण, विषमाशन असे निदान लिहिले. सारस्वतारिष्ट, ब्राह्मी वटी, शिरोभ्यंगास तेल व रात्री त्रिफळा अशी व्यवस्था केली. सर्व शास्त्रास धरून होते. सर्व प्रश्नांची उत्तरे वडिलांनी दिली, मुलगा खाली पाहत बसला होता, आणि आम्हास त्यात काही वावगे वाटले नाही. तीन आठवड्यांनी वडिलांनी फोनवरूनच औषध पुन्हा घ्यावयास सांगितले.

पुढे जे झाले त्याचे श्रेय आमच्या शेजारच्या औषधी विक्रेत्यास आहे. त्या मुलाचा रूम पार्टनर दुकानात बामची बाटली घ्यावयास आला असता सहज बोलून गेला, की हा आता क्लासला येतच नाही, एस.टी.ने आलेला घरचा डबा न उघडता तसाच ठेवतो, आणि काल त्याने आपल्या सगळ्या नोट्स वाटून टाकल्या. विक्रेत्याने त्याच क्षणी आम्हास दूरध्वनी केला. आम्ही खोलीवर गेलो, मित्रास बाहेर थांबविले आणि प्रथमच त्या मुलाशी एकट्याशी बोललो. जगून उपयोग नाही असे त्यास महिनाभर वाटत होते. वडिलांनी शिकवणीसाठी काढलेले कर्ज त्याच्या मनातून जात नव्हते. त्या रात्री त्यास एकटे सोडले नाही, वडिलांना बोलावून घेतले आणि सकाळी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृती विभागात नेले. निदान : नैराश्याचा विकार. आज तो बरा आहे व बी.एस्सी. करीत आहे.

आम्ही 'स्मृतिभ्रंश' लिहिले होते. तो स्मृतीचा विकार नव्हताच.

आपल्या विभागात मनाच्या आजाराची शास्त्रीय पाहणी प्रथम ज्या कारणाने झाली, ते कारण सर्वांस ज्ञात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वतीने भूकंपग्रस्तांच्या मनोस्वास्थ्याचा अभ्यास झाला, ज्यात डॉ. मोहन आगाशे यांचा प्रमुख सहभाग होता. १९९६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री' मध्ये आलेल्या एका प्राथमिक अहवालात, तपासलेल्या व्यक्तींपैकी ५९ टक्के जणांत मनोविकार आढळला असून आघातोत्तर तणाव व नैराश्य हे त्यात प्रमुख होते. तेव्हा मुलगा झोपतो का, दचकतो का, बोलतो का हे प्रश्न विचारणे कोणासही विचित्र वाटले नाही. घर पडलेले दिसत होते. परीक्षार्थी मुलाचे काहीच पडलेले दिसत नाही, म्हणून त्याला हे प्रश्न कोणी विचारीत नाही.

आकडेवारीही थोडी पाहावी. बंगळूर येथे झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १६ वर्षांपर्यंतच्या मुलांत मनोविकारांचे प्रमाण १२.५ टक्के आढळले. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात ते ७.३ टक्के होते. मात्र हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या ओसरीवर बसलेल्या मुलाची गणना त्यात झालेली नाही. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद असून त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, आहेत. परीक्षेतील अपयश हे एकमेव कारण मानून या आकड्याकडे पाहणे चूक ठरेल. घरातील कलह, कर्ज, आजार, व्यसन, प्रेमभंग असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात.

वयाविषयी चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात केलेली विभागणी येथे फार उपयोगी पडते. सोळाव्या वर्षापर्यंत धातू अपरिपक्व, आणि सोळा ते तीस या काळात धातू वाढते परंतु सत्त्व बहुधा अनवस्थित, असे ते म्हणतात. आधुनिक मेंदूविज्ञानही आज सांगते की विवेक व आवेगनियंत्रण यांच्याशी संबंधित असा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. दोन्ही विधाने एकच आहेत असा दावा आम्ही करीत नाही. तसे दावे आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ होतात व त्यांनी शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही. परंतु सतरा वर्षांच्या मुलाचे मन स्थिर असावे ही अपेक्षा आपल्या संहितेलाही मान्य नाही, एवढे त्यातून निश्चित निघते. या वयात नैराश्य रडण्याने प्रकट होईलच असे नाही. चिडचिड, उलट बोलणे, मोबाइलमध्ये गढून जाणे, आंघोळ टाळणे, डोकेदुखी व पोटदुखी या रूपांनी ते येते. आई-वडील त्यास 'वळण बिघडले' म्हणतात आणि आपण 'पित्त' म्हणतो.

निद्रा

तीन उपस्तंभांपैकी दुसरा जो स्वप्न, त्याची चौकशी आपण 'झोप बरी आहे ना?' एवढ्यावर संपवितो. त्याऐवजी घड्याळाचे आकडे विचारावेत : काल किती वाजता पडलास, किती वाजता उठलास? १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप आवश्यक मानली जाते. आमच्याकडे येणाऱ्यांत पाच तास सांगणारे अनेक असतात व ते अभिमानाने सांगतात. वयात येताना झोप येण्याची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. अशा मुलास रात्री एकपर्यंत जागवून पुन्हा ब्राह्ममुहूर्तावर उठविणे, हा आपल्यापैकी काहींचा आवडता उपदेश आहे. वाग्भटांनी ब्राह्ममुहूर्ताचा नियम सांगताना तो 'स्वस्थ' मनुष्यासाठी सांगितला आहे, हे आपण विसरतो. उलट चरकांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, ज्यांना कोणत्याही ऋतूत दिवसा झोपण्यास मुभा आहे अशांच्या यादीत अध्ययनाने थकलेल्यांची गणना केली आहे. आणि जागरण झालेच तर त्याच्या निम्मा काळ सकाळी, भोजनापूर्वी झोपावे, असे अष्टांगहृदयात आहे. ही वचने पालकांना दाखवावीत. डॉक्टरांनी सांगितलेले न ऐकणारे वडील ग्रंथातील वचन ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

निद्रानाशासाठी सर्पगंधा घनवटी देण्याची प्रथा मात्र या वयात सोडावी. सर्पगंधेतील रेसर्पिनने नैराश्य वाढू शकते आणि नैराश्याच्या रुग्णास ती वर्ज्य आहे. काउंटरवर 'झोपेची आयुर्वेदिक गोळी, काही अपाय नाही' म्हणून ती देणाऱ्या विक्रेत्यांनी हे विशेषतः ध्यानात घ्यावे.

मेध्य द्रव्यांची मर्यादा

चरकांच्या चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी आहेत. आपल्या बाजारात 'ब्राह्मी' या नावाने पुष्कळदा मंडूकपर्णीच मिळते, तर ज्यावर अलीकडील बहुतेक संशोधन झाले ती बाकोपा म्हणजे जलब्राह्मी निराळी. शंखपुष्पीच्या नावाने तर विष्णुक्रांता आणि गोकर्णही विकली जाते. तेव्हा बाकोपाच्या अभ्यासाचे कात्रण दुकानात लावून मंडूकपर्णीची वटी विकणे हे प्रामाणिकपणाचे नव्हे. औषधी विक्रेत्यांनी आवेष्टनावरील वनस्पतीचे शास्त्रीय नाव वाचण्याची सवय लावून घ्यावी.

बाकोपाच्या अभ्यासांतूनही आपल्या हंगामी ग्राहकास फारसे आश्वासन मिळत नाही. ऑस्ट्रेलियात २००१ व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्या निरोगी प्रौढांवर, सुमारे तीन महिने औषध देऊन केलेल्या आहेत. दुसऱ्या चाचणीत नव्या माहितीचे विस्मरण कमी झाले, परंतु शिकण्याचा वेग वाढला नाही. तेथेच ६ ते १४ वर्षांच्या अतिचंचल व अवधान कमी असलेल्या मुलांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्तनाच्या मुख्य लक्षणांत औषध व बनावट औषध यांत फरक दिसला नाही. परीक्षेला वीस दिवस उरले असता बाटली नेणाऱ्या मुलास यातून काय मिळणार? त्यातही त्याची झोप व जेवण विस्कटलेले असेल तर मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा वाग्भटांचा दृष्टान्त रसायनासंबंधीच आहे.

आणखी एक सावधगिरी. अपस्माराच्या मुलास पालक 'डोक्यासाठी' शंखपुष्पी सिरप परस्पर सुरू करतात. १९९२ साली मुंबईच्या संशोधकांनी दाखविले आहे की अशा सिरपने फेनिटॉइन या औषधाची रक्तातील मात्रा घटू शकते व दबलेले झटके पुन्हा येऊ शकतात. त्यामुळे काउंटरवर 'फिट येतात का, दुसरी गोळी चालू आहे का?' एवढे विचारल्याखेरीज हे सिरप देऊ नये.

काय विचारावे

आमच्या दवाखान्यात आता पद्धत अशी आहे. प्रथम पालकांसह बोलणे, नंतर पालकांना बाहेर बसवून मुलाशी किंवा मुलीशी दहा मिनिटे एकांतात. (मुलगी असल्यास परिचारिका वा अन्य स्त्री दिसेल अशा ठिकाणी, दार उघडे ठेवून.) 'तू सांगशील ते घरी सांगणार नाही, मात्र तुझ्या जिवाला धोका वाटला तर सांगावे लागेल,' असे आधीच स्पष्ट करतो. मग दोन प्रश्न : गेल्या पंधरा दिवसांत उदास, हताश वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत, क्रिकेट असो, मित्र असोत, मन लागेनासे झाले आहे का? एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले, तर पुढे भूक, झोप, अपराधी भावना आणि शेवटी सरळ शब्दांत : 'मरून जावे असे मनात येते का?' हा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात शिरतो अशी भीती व्यवसायबंधूंत आहे. ती निराधार आहे. विचारल्याने मुलाचा भार हलका होतो, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आम्ही त्या खोलीत पाहिले आहे.

उत्तर 'हो' आले तर तेथे आपली चिकित्सा थांबते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधारकांचा समावेश आहे. आपल्या शास्त्राला मिळालेली ही मान्यता आहे. परंतु बी.ए.एम.एस. पदवी त्यात येत नाही आणि आम्ही स्वतः त्याच पदवीचे आहोत. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अथवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे चिठ्ठी देऊन, शक्य तर सोबत माणूस देऊन पाठवावे. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून तो ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मनोविकारतज्ज्ञाची औषधे सुरू झाल्यावर आपल्या सांगण्यावरून ती बंद होऊ नयेत. अभ्यंग, पादाभ्यंग, भोजनाची वेळ, सत्त्वावजय म्हणून नियमित भेट व संवाद, हे आपण त्यांना कळवून चालू ठेवू शकतो. आमच्या रुग्णात तसेच केले.

औषधी विक्रेत्यांस एक विनंती. अभ्यासिका व मेसच्या जवळ आपले दुकान असते. मुले आमच्यापेक्षा आपल्याकडे अधिक वेळा येतात व मोकळेपणाने बोलतात. एकच मुलगा आठवड्यात तिसऱ्यांदा झोपेची वा जागे राहण्याची गोळी मागत असेल, एकाच वेळी अनेक पट्ट्या मागत असेल, तर त्याला न रागावता दोन मिनिटे थांबवावे आणि जवळच्या वैद्यास फोन करावा. बिलाच्या पॅडवर १४४१६ चा शिक्का मारून घेण्यास खर्च नगण्य येतो.

सरतेशेवटी नोंदींविषयी. येत्या जानेवारीपासून १३ ते १९ वयोगटातील, स्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची एक ओळ नोंदवावी : वय, लिंग, गावापासून दूर राहतो की घरी, कालच्या झोपेचे तास, वरील दोन प्रश्नांची उत्तरे, दिलेले औषध, पाठविले असल्यास कोठे. नाव लिहू नये. हंगाम संपल्यावर या वह्या एकत्र करून पाहू.