पेशीतला इंधनकाटा : एएमपीके

गाडीत पेट्रोल किती उरलंय हे काटा दाखवतो. आपल्या पेशीतही असा काटा आहे, एएमपीके नावाचं विकर (एन्झाइम). स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातील ग्रॅहम हार्डी यांच्या गटाने 1988 मध्ये त्याला हे नाव दिले.

पेशीची ऊर्जा एटीपी या रेणूत असते. आपण पळालो की एटीपी खर्च होतं, एएमपी वाढतं आणि हे विकर जागं होतं. मग नवी चरबी बनणं मंदावतं, साठलेली जळू लागते. सतत खाऊन बसून राहिलं तर? काटा भरलेलाच, विकर सुस्त!

टाइप 2 मधुमेहात इन्सुलिनचा निरोप पेशी नीट ऐकत नाहीत, त्यामुळे साखर रक्तातच राहते. पण स्नायू काम करू लागले की ग्लूट-4 ही साखरेची दारं इन्सुलिनशिवायही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. यात एएमपीकेचा हातभार असतो. जेवणानंतर चाललं की साखर उतरते ती यामुळेच.

आजीची मेटफॉर्मिनची गोळी तंतुकणिकेतली ऊर्जानिर्मिती थोडी मंदावते, त्यामुळेही हे विकर जागं होतं. अर्थात गोळीचे इतरही मार्ग आहेत, म्हणून आजी रोज चालत असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करायची नाही.